मोहाचं फूल आणि त्याच्यावरचे कायदे

रानातल्या एका झाडाच्या फुलासाठी सरकारने स्वतंत्र कायदा करावा, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८९२ साली असा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं, विकणं यांवर त्याने निर्बंध आणले. दारू गाळली की नाही हा पुढचा प्रश्न; घरात वाळवलेली फुलं सापडली तरी त्यांचा जाब द्यावा लागे.

नशा आणि कायदा यांच्या वादात आपल्याकडे चर्चा होते ती गांजाची, गर्दची, एमडीची. पण महाराष्ट्रात हा वाद सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ ज्यांच्या दारात चालला ते आदिवासी, आणि वादाचं कारण हे फूल. नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेरा घाट ओलांडला की हरसूल लागतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव, पूर्वीच्या पेठ संस्थानातलं. एका अंगाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला पेठ, आणि थोडं पुढे गेलं की गुजरात. वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली यांची. नशाबंदीचा जवळजवळ प्रत्येक प्रयोग या टापूवरून किंवा त्याच्या शेजारून गेलेला आहे.

आधी झाड पाहू. होळीच्या आगेमागे मोह पानं गाळतो आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलतं. वटवाघळं त्यावर येतात आणि परागीकरणही करतात. पहाटेपासून फुलं गळायला लागतात ती ऊन चढेपर्यंत. गळणारा भाग म्हणजे फुलाचा मांसल पाकळ्यांचा पेला, फिकट पिवळसर, बोटांत धरला तर रस सुटेल इतका भरलेला. बाया-मुलं टोपल्या घेऊन उजाडण्याआधी झाडाखाली असतात, कारण उशीर झाला तर गुरं आणि रानातली जनावरं आधी पोहोचतात. फुलं अंगणात चार-पाच दिवस वाळवली की तपकिरी होऊन बेदाण्यासारखी आक्रसतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. ती उकडून खातात, भाजून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात. पुढे फळं येतात आणि त्यांच्या बियांचं तेल निघतं. ते तेल कित्येक घरांत खायला आणि दिव्याला पुरत आलं आहे. दुष्काळात या झाडाने माणसं जगवल्याच्या नोंदी खुद्द ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये आहेत. म्हणजे फुलावर कायदा करणाऱ्या सरकारला हे अन्न आहे याची पूर्ण कल्पना होती.

जिथे एवढी साखर, तिथे दारू आपोआप येते. वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात घातली की फुलावरच्याच यीस्टने ती आंबायला लागतात. आठवडाभरात मडक्यातून फसफस ऐकू येते आणि वास बदलतो. हे आंबवण चुलीवर चढवायचं, वाफ वरच्या गार पाण्याच्या भांड्याला लागून निवते, आणि थेंब थेंब गोळा होतो. सगळ्यात आधी उतरते ती पहिल्या धारेची. लग्नात, बाळाच्या पाचवीला, मयतीला, देवापुढे धार सोडायला ही दारू लागते. धान्य पेरण्याआधी आणि कापण्याआधी देवाला तिचे चार थेंब देणं हा पूजेचाच भाग. शहरातून आलेल्या माणसाला या पिण्यात फक्त व्यसन दिसतं आणि आदिवासी जीवनावर भाळलेल्या माणसाला फक्त संस्कृती दिसते. घरात बापाच्या पिण्याने उपाशी झोपलेल्या मुलाला दोन्ही चष्मे उपयोगाचे नाहीत. म्हणून कायद्याने काय केलं ते बारकाईने पाहावं लागतं.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून गाव-पाड्यांवरच्या लहान भट्ट्या मोडायला सुरुवात झाली. दारू मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांत गाळायची, विकायचा मक्ता जास्त बोली लावणाऱ्याला द्यायचा आणि त्याने सरकारला ठरलेली रक्कम भरायची, अशी ही पद्धत. मुंबई शहराला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांत तयार होई. त्यासाठी फुलं पंचमहालातून गाड्या भरून येत. मक्तेदाराचा नफा खपावर, सरकारचं उत्पन्नही खपावर. अडचण एकच होती: ज्याच्या बांधावर मोहाचं झाड आहे तो दुकानात कशाला येईल? १८९२ चा कायदा या अडचणीवरचा उपाय होता. दारू कमी व्हावी म्हणून फुलं जप्त झाली नाहीत, दुकानातली दारू विकली जावी म्हणून झाली. माझ्या मते मोहाच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. स्वतःच्या झाडाची दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातली दारू रीतसर ठरली. उधारीवर पिऊन दुकानदाराकडे जमिनी गहाण पडल्या त्या याच काळात. शहरांतही दुकानं वाढत होतीच. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेकडे त्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

मग १९२२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीच्या साथीच्या निमित्ताने सुरू झालेला एक देवकार्याचा प्रकार डोंगर चढून आदिवासी मुलखात शिरला आणि गावोगाव पसरत सुरगाणा, डांग, धरमपूर या पट्ट्यातून दक्षिण गुजरातेत उतरला. गावाबाहेर मांडवात शेकडो माणसं जमायची. हातात लाल फडकं धरलेल्या माणसांच्या अंगात देवी यायची आणि ती आज्ञा द्यायची: दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, दारूचा धंदा करणाऱ्या सावकार-मक्तेदारांची चाकरी करू नका. या देवीचं नाव सलाबाई. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी दक्षिण गुजरातेतल्या खानपूर गावी सुमारे दोन हजार आदिवासी तिच्या आज्ञा ऐकायला जमले होते. थोड्याच दिवसांत देवीच्या तोंडून गांधीजींचं नाव आणि खादीही यायला लागली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जमवून ही चळवळ पुस्तकातून उजेडात आणली. तोवर शहाण्यासुरत्या लोकांनी ती अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकलेली होती.

या घटनेचा अचंबा मला अजून वाटतो. बाहेरचा एकही सुधारक नव्हता, पोलीस नव्हते, दंड नव्हता. ज्यांच्याबद्दल 'हे दारूशिवाय राहूच शकत नाहीत' असं अधिकारी लिहीत होते त्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत पिणं थांबवलं, मक्तेदारांची दुकानं ओस पाडली, आणि पिणं सोडताना आपल्याला कोण लुबाडतंय हेही ओळखलं. सगळीकडे ते टिकलं नाही. काही गावं दोन-तीन वर्षांत पुन्हा पिऊ लागली, काहींनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. पण दारू सोडण्याची ताकद कुठे असते, याचा इतका मोठा पुरावा आपल्या इतिहासात दुसरा नाही.

स्वातंत्र्य येताना हा प्रश्न घटना समितीत आला. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी नशाबंदीचं तत्त्व मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यावर चर्चा झाली, तेच आजचं कलम ४७. झारखंडचे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी कडाडून विरोध केला. तांदळाची दारू हा आदिवासींच्या धर्माचा भाग आहे आणि त्यांना न विचारता ती बंद करण्याचा अधिकार कुणाला नाही, हा त्यांचा मुद्दा. कोल्हापूरचे प्राध्यापक बाळासाहेब खर्डेकरही व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने नशाबंदीविरुद्ध बोलले. मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर बंदीच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्याच सरकारने १९३९ साली मुंबई शहरात बंदी आणून पाहिली होती. तत्त्व मंजूर झालं. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला आणि मोहाची फुलं पुन्हा कायद्याच्या जाळ्यात गेली. त्यांच्यासाठी वेगळे नियमही झाले.

तो कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. कागदावर हे राज्य दारूबंदीचंच. पिणाऱ्याने एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना घ्यायचा असतो. शहरातल्या बारमध्ये बसलेल्याला हा परवाना कुणी विचारत नाही. हरसूलच्या पाड्यावर आंबवणाचं पिंप सापडलं की मात्र कलम ६५ लागतं, पिंप उलथवलं जातं, पंचनामा होतो आणि जामिनासाठी कोंबड्या-बकऱ्या विकल्या जातात. त्या भट्टीवर बहुधा एखादी विधवा किंवा शेत नसलेलं कुटुंब असतं. कारवाईची गरज नाही असं मी म्हणत नाही. नवसागर आणि काय-काय घालून गाळलेली विक्रीची दारू घातक असते. त्याहून घातक म्हणजे मिथेनॉल मिसळलेली. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये त्या विषाने शंभरहून अधिक माणसं गेली. पण कारखान्यातून चोरून आणलेलं मिथेनॉल आणि अंगणातल्या मडक्यातली फुलं यांत जो फरक आहे तो छाप्याच्या कागदात दिसायला हवा.

हरसूलच्या माणसाला आणखी एक फरक रोज दिसतो. दिवाळीनंतर इथली कुटुंबं पहाटे गिरणारेच्या मजूर बाजारात उभी राहतात आणि द्राक्षबागांत कामाला जातात. त्याच जिल्ह्यात द्राक्षापासून वाईन होते, तिच्यासाठी २००१ साली राज्याने खास धोरण आणलं, सवलती दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये तर मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. द्राक्षाची साखर आंबवली तर उद्योग, मोहाची आंबवली तर गुन्हा, ही तफावत समजावून सांगणं कठीण आहे. सरकारलाही ती उशिरा जाणवली असावी. २०२१ साली मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की मोहफुलं आणि काजूबोंडं यांपासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचा. ज्या झाडाचा जन्मच या मातीत, त्याची दारू विदेशी! दर्जाचा संबंध कराशी आणि बाटलीच्या भावाशी आहे, हे खरं. शेजारच्या मध्य प्रदेशाने तिला वारसा मद्य म्हणून आदिवासी बचत गटांमार्फत बाजारात आणायचं ठरवलं. या सगळ्यात फुलं वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळणार, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो; बाटलीवरच्या सुंदर चित्राने तो सुटत नाही.

सीमेचं सांगायचं तर गुजरातेत स्थापनेपासून दारूबंदी आणि दमण व दादरा-नगर हवेलीत कर कमी. त्यामुळे पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या रस्त्यांवर दोन्ही दिशांनी चोरटी वाहतूक चालते. एका ठिकाणी बंदी, दुसऱ्या ठिकाणी स्वस्ताई, आणि मधल्या घाटात तरुण पोरांना रात्रीची कमाई.

दारूबाहेरच्या नशेचा इतिहासही हेच दाखवतो. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर एक आयोग नेमला. त्याने देशभर अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, पूर्ण बंदी घातली तर लोक त्याहून वाईट नशेकडे वळतील. म्हणून कर आणि नियंत्रण पुरे. अंमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर देशाचं धोरण उलटं झालं. गांजा बंद, पण पानांपासूनची भांग व्याख्येतून वगळलेली. त्र्यंबकला कुंभमेळ्यात साधूंची चिलीम पाहणाऱ्याला ही गुंतागुंत शिकवावी लागत नाही. मुंबईत १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आलं तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. आता मेफेड्रोन, म्हणजे एमडी. ते २०१५ साली एनडीपीएस कायद्याखाली आलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात त्याचा कारखानाच मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला. एमडीसाठी झाड लागत नाही, ऋतू लागत नाही, पाड्यावरचं कुणी लागत नाही. अशा विषाच्या कारखानदारावर कठोर कायदा हवाच. त्याच कायद्यात सेवन करणाऱ्याने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट देणारं कलम ६४-अ आहे. ते कोर्टात फार क्वचित ऐकू येतं.

मग बंदी करावी की नाही? गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये बंदी आली, डॉ. अभय आणि राणी बंग त्या कामात होते, आणि २०१६ पासून मुक्तिपथ हे अभियान गावोगाव चाललं. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी विक्री, बनावट दारू, गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणं दिली गेली. दोन्ही जिल्हे शेजारी. मला यातून दिसतं ते असं की ज्या गावात लोकांची समिती जागी आहे तिथे बंदी काम करते, आणि पोलिसांवर सोपवली की तिचा हप्ता होतो. महाराष्ट्रात उभी बाटली-आडवी बाटली हे मतदान आहे: महिलांनी मागणी केली आणि गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवानाधारक दुकान बंद होतं. पण हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे मत द्यायचं कशावर? पाड्यांवरच्या बायांना हे हत्यार अपुरं पडतं.

त्यांच्याकडे दुसरं आहे, आणि ते पुरेसं वापरलं गेलेलं नाही. हरसूल अनुसूचित क्षेत्रात येतं, म्हणून इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्याने ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा, विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला, आणि गौण वनोपजाची मालकीही. राज्याचे नियम २०१४ साली आले. दोन्ही अधिकार एकाच सभेच्या हातात आहेत हे महत्त्वाचं. आमच्या पाड्यावर विकण्यासाठी गाळायचं नाही, देवकार्याला अमुकच, आणि फुलं बाजारात या भावाखाली विकायची नाहीत, असं एकाच ठरावात लिहिता येतं. केंद्र सरकारने १९७० च्या दशकातच राज्यांना सुचवलं होतं की आदिवासी भागातली दारूची दुकानं बंद करा आणि घरच्या वापराची पारंपरिक दारू गुन्हा मानू नका. ती सूचना कागदावर राहिली. ग्रामसभेने ठराव केला तर तिला पाय फुटतील.

अशा ठरावात आणखी एक कलम हवं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या सदतीस जणांचं काय होतं, हे गावात भट्ट्या एका दिवसात बंद झाल्या की कळतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, अंगावर किडे चालताना दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि भगताकडे नेतात. ही आजाराची अवस्था आहे. उपचार न मिळाल्यास ती जीव घेते. उपचार अवघड नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस शांत करणारी औषधं कमी-कमी करत द्यायची, पाणी-क्षार सांभाळायचे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचायचं. तेही ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी, कारण तसं न केल्यास कुपोषित मेंदूला इजा होते. ही औषधं स्वस्त आहेत. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, पाड्यापाड्यावर आशाताई आहेत, आणि रोज पिणारा कोण हे प्रत्येक पाड्याला ठाऊक असतं. भट्टी बंद करण्याची तारीख ठरवणाऱ्या ग्रामसभेने त्या आठवड्यासाठी दवाखान्यात खाटा सांगून ठेवाव्यात, आशाताईने त्या घरांत आधी जाऊन यावं, आणि दारू सुटल्यानंतरचे पहिले चार दिवस त्या माणसाला एकटं ठेवू नये.